बेसनावरचा ठप्पा

मार्च लागला की माझा कोणावरच विश्वास राहत नाही. यात माझा दोष थोडा आणि नोकरीचा जास्त. मी इकडे हिंदी मुलखात सरकारी शाळेत विज्ञान शिकवते आणि दरवर्षी बोर्डाच्या परीक्षेत मला उडनदस्त्यावर टाकतात, म्हणजे महाराष्ट्रातलं भरारी पथक. जीपमध्ये बसायचं, आरंग नाही तर अभनपूरच्या बाजूला कुठल्या तरी गावच्या शाळेत न सांगता उतरायचं आणि पोरापोरींच्या बाह्या, मोजे, कंपासपेट्या तपासायच्या. पंधरा वर्षं हेच केल्यावर डोळेच तसे होतात. वर्गात पाय ठेवल्याबरोबर मला समजतं. ज्याचा पाय हलून राहिला तो चोर. जो पेपर सोडून खिडकीकडे बघतो तो चोर. आणि काय लपवलं विचारल्यावर जो ‘पता नहीं, मॅडम’ म्हणतो तो तर पक्काच चोर.

यंदा माझी स्वतःची मुलगी दहावीला आहे, म्हणून नियमाप्रमाणे मला दस्त्यावरून सुट्टी. हे फार वाईट झालं. शंका घ्यायची सवय तशीच आहे आणि घ्यायला समोर घरच्या दोघांशिवाय कोणी नाही. दूधवाल्यावर घेतली, कूलर दुरुस्त करायला आलेल्या भैयावर घेतली. तो बिचारा वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून, पाणी मारून गेला आणि घरभर तो ओला, मातकट वास पसरला. खाली गल्लीत कोणाकडे तरी बेसन भाजत होते. हे दोन वास एकत्र आले की मला चार वर्षांपूर्वीचा मार्च आठवतो. आठवतो म्हणजे काय, बोकांडीच बसतो.

तेव्हा रेवा सहावीत होती. रेवा आमची एकुलती एक. पाणी आणायला उठायची आणि कबुतराचं पीस घेऊन परत यायची. एका पायात मोजा घालायची, दुसरा हातात तसाच, आणि अर्ध्या तासानं पाहावं तर भिंतीवरच्या पालीशी बोलणं चालू. अंगानं जाड. लहानपणी लोक गाल ओढून ‘खाते-पीते घर की है’ म्हणायचे तेव्हा मला बरं वाटायचं. पाचवीनंतर तेच लोक गाल सोडून पोटाकडे बघायला लागले. बूढ़ापाऱ्यातल्या टेलरनं तिच्या स्कर्टचा हूक एका वर्षात तीनदा सरकवला आणि तिसऱ्यांदा मापाची फीत गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे असं पाहिलं की जसं काही ते माप माझंच आहे.

फेब्रुवारीत तिच्या शाळेतून बोलावणं आलं. तिच्या वर्गशिक्षिका वयानं माझ्याहून लहान. त्यांनी एका श्वासात दोन तक्रारी केल्या, की पढ़ाई में ध्यान नहीं है, और वजन भी देखिए, मैडम. वरून म्हणाल्या, आप तो खुद टीचर हैं. मला असा राग आला! दोन वेगळ्या गोष्टी सख्ख्या बहिणींसारख्या एका बाकावर बसवायचं काय कारण? अभ्यासात लक्ष नाही हा एक गुन्हा आणि खूप खाते हा दुसरा, एवढं मला समजत होतं. दोन्हींचा चोर एकच असेल हे काही डोक्यात आलं नाही. शाळेवर मात्र शंका आली. म्हटलं, यांना हिचा निकाल त्यांच्या नावावर नको आहे म्हणून वजनापर्यंत पोहोचले.

मग मी माझ्या पद्धतीनं तपास सुरू केला. सकाळी सहाला तिला उठवायची आणि बूढ़ा तालाबाच्या कडेनं चालवायची. मी पुढे, ती मागे. तीन फेऱ्या ठरलेल्या. एका फेरीत ती सात वेळा थांबायची. बगळा दिसला, थांब. कोणाचा कुत्रा दिसला, थांब. पाण्यावर उन्हाचा तुकडा पडला तरी थांब. मला वाटायचं, चालायचं टाळायला बहाणे करून राहिली आहे. बगळा तर मलाही दिसत होता, आणि मी काही थांबत नव्हते. निदान तेव्हा असंच वाटायचं.

घरी आल्यावर तपास स्वयंपाकघरात. दुपारी शाळेतून ती दीडला यायची, मी तीनला. या दीड तासात घरातलं काय काय नाहीसं व्हायचं ते ऐका. सकाळच्या चार पोळ्या, वाटीभर साखर, होळीसाठी केलेली अर्धा डबा खुरमी, म्हणजे इकडची गुळाची शंकरपाळी, एकदा तर कच्च्या शेवया. विचारलं की एकच उत्तर, ‘पता नहीं, आई.’ आमच्या घरी मी मराठीत विचारते आणि ती हिंदीत सांगते, या पिढीत सगळीकडे तेच चाललं आहे, त्याचं काही नाही. पण ‘पता नहीं’ या दोन शब्दांवर माझ्या डोक्यात जीप सुरू व्हायची.

आमच्यात परीक्षेच्या आधी बेसनाचे लाडू करायची पद्धत आहे. निदान माझ्या माहेरी होती. माझं माहेर धमतरीच्या पुढे, शेतीवाडीचं. मी दोन किलो बेसन साजूक तुपात भाजते, त्यात पिठीसाखर आणि इकडची चारोळी घालते आणि लाडू एकदम वळत नाही. सारण डब्यात ठेवायचं आणि लागतील तसे चार-चार वळायचे. लाडू मोजून संपतात, सारण टिकतं, असा माझा हिशेब. त्या वर्षी सारण चौथ्याच दिवशी दोन बोटं खाली गेलं.

तेव्हा मला बाबांचा ठप्पा आठवला. आमच्याकडे धानाची मळणी झाली की अंगणात रास पडायची. ती रात्रभर उघडी राहणार, म्हणून बाबा संध्याकाळी राख घ्यायचे आणि लाकडी साच्यानं राशीवर चहूबाजूंनी ठप्पे मारायचे. कोणी मूठभर धान काढलं तरी ठप्पा मोडायचा आणि सकाळी समजायचं. इकडच्या सगळ्या शेतकऱ्यांकडे हीच रीत होती. शेजारी शेजाऱ्यावर रागवायचा नाही, ठप्प्याकडे फक्त बघायचा.

मी वाटीच्या बुडानं सारण सपाट केलं. मग सोऱ्यातली चकलीची चकती काढली, तिच्यावर तारा असतो ना, ती सारणावर दाबली. सुंदर पाच कोनांचा तारा उमटला. म्हटलं, आता ये बेटा. मला मनातून आनंद झाला हेही सांगून टाकते. चोर पकडायचा आनंद वेगळाच असतो आणि तो चढला की समोर आपलं पोर आहे हे ध्यानात राहत नाही.

दुसऱ्या दिवशी तीनला घरी आले आणि पर्स खांद्यावर असतानाच डबा उघडला. ताऱ्याचे तीन कोन गायब. फूलबाई भांडी घासत होती. फूलबाई आमच्याकडे कामाला येते त्याला बारा वर्षं झाली, रेवाला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं आहे. मी रेवाला हाक मारली आणि डबा तिच्या नाकासमोर धरला.

“हे काय आहे?”

ती डब्यात वाकून बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल, आता पाया पडेल. तिचा चेहरा एकदम उजळला आणि म्हणाली, “आई, ये स्टार कैसे बनाया?”

इतका निगरगट्टपणा मी अभनपूरच्या पोरांत पण पाहिला नव्हता. माझा हात उठला, तो मी कसाबसा आवरला. जीभ काही आवरली नाही. फूलबाईच्या समोर, गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात मी पोटच्या पोरीला म्हटलं, “चोट्टी कुठली! खा खा खाते आणि वर खोटं बोलते. लाज नाही वाटत तुले? आरशात पाहा जरा.”

नळ बंद झाला. फूलबाई ओल्या हातानं उठली आणि हळूच म्हणाली, “नोनी ल झन खिसियावव दीदी, भूख लगे रहिस होही.” पोरीवर रागावू नका, भूक लागली असेल, एवढंच. मला तेव्हा तिचाही संशय आला, की हिची फूस तर नाही? असल्या वेळी माणसाला सगळं जग एका टोळीतलं वाटतं. रेवा माझ्याकडे बघत नव्हती. ती डब्याच्या झाकणाकडे बघत होती आणि तिचा पाय हलत होता.

त्या दिवसानंतर घरात चोरी थांबली. निदान माझ्या डोळ्यांदेखत थांबली. पण एक दुसरीच गोष्ट सुरू झाली, ती मला उशिरा दिसली. रेवा माझ्यासमोर खाईनाशी झाली. ताट वाढलं की ती ताट उचलून गॅलरीत जायची आणि रस्त्याकडे तोंड, माझ्याकडे पाठ करून जेवायची. हातावर काही ठेवलं तर मूठ बंद करून निघून जायची. पूर्वी मी कणिक मळताना मागून येऊन तोंडाचा आ करून उभी राहायची पोट्टी, की काही तरी टाक. ते बंद झालं. पहिल्या पेपरला निघताना मी दही-साखरेचा चमचा पुढे केला तर तिनं तळहात पुढे केला. मी चमचा तळहातावर उपडा केला. ती जिन्यात गेली आणि तिथं चाटून आली. मी म्हटलं, नाटकं पाहा हिची.

त्याच आठवड्यात अभनपूरच्या पुढच्या एका गावी आमची जीप गेली होती. तिसऱ्या रांगेत एक पोरगी होती. पाय हलत होता, डोळे खिडकीबाहेर. खिडकीबाहेर पळसाचं झाड, सगळं लाल झालेलं. मी तिला उभं केलं, बाह्या उलटवल्या, ओढणी झटकली, पेपर लाइटासमोर धरला. काही नाही सापडलं. तिला विचारलं, बाहेर कोणाला इशारे करत होतीस? ती म्हणाली, पता नहीं, मॅडम. या सगळ्यात तिची दहा मिनिटं गेली. मी बसायला सांगितलं तेव्हा तिनं उत्तरपत्रिका जवळ ओढली आणि लिहायच्या जागी नुसती बघत राहिली. त्या वेळी मला वाटलं होतं, हुशार आहे, लपवलं कुठं तरी नक्की.

रेवाचे पेपर संपले त्या दिवशी मी तिचं दप्तर धुवायला काढलं. तळाशी तीन डबे निघाले. तीन दिवसांचे, तीन वेगवेगळे, झाकणं लावलेले. मी रोज कपाटातून नवा डबा भरत होते आणि जुने घरी परत आले की नाही हे मलाही ध्यानात नव्हतं. एकात पोळीभाजी तशीच, वर बुरशी. दुसऱ्यात उपमा. तिसऱ्यात सफरचंदाच्या फोडी काळ्या पडलेल्या. म्हणजे ज्या पोरीला मी खादाड, चोट्टी म्हणत होते ती सकाळी आठपासून दुपारी दीडपर्यंत काही खात नव्हती. मी डबे नळाखाली धरले आणि मला कळेना की आता कोणावर संशय घ्यायचा.

वजनाची तपासणी म्हणून मी तिला समता कॉलोनीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. थायरॉईड वगैरे आधी दुसरीकडे करून झालं होतं, काही निघालं नव्हतं, तिथूनच इकडे पाठवलं. या बाई मुलांच्या मनाच्या डॉक्टर. पाटी वाचूनच मी सावध झाले. म्हटलं, नवं दुकान. आमच्या वेळी पोरं चंचल असायची, आता त्यालाही नाव आणि फी. बाई पाऊण तास नुसते प्रश्न विचारत होत्या. झोप कशी, वही कुठं विसरते, रांगेत उभी राहते का, घास गिळायच्या आधी दुसरा घेते का, भूक लागली हे सांगते का. रेवा त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत होती आणि त्या तिला अडवत नव्हत्या. हेही मला संशयास्पद वाटलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. लक्ष टिकत नाही तो एक आजार, वजन दुसरा, असं नेहमी नसतं. असल्या काही मुलांत दोन्ही बरोबर दिसतात. कोण कोणाला ओढतं ते सगळं अजून नीट समजलेलं नाही, आणि प्रत्येक मुलात तसं असतंच असंही नाही. पण या मुलांना थांबणं जमत नाही, झोप धड नसते, दिवसभर खायचं विसरतात आणि मग समोर येईल ते, उभ्या उभ्या, ध्यानात न येता. शेवटी त्या म्हणाल्या ते मात्र त्यांच्याच शब्दांत राहिलं आहे. “मैडम, इसे भूख का पता देर से चलता है, और पेट भरने का उससे भी देर से. ये झूठ नहीं बोलती. इसे सच में पता नहीं होता.”

मी म्हटलं, हो का. त्यांनी विचारलं, घर में और कोई ऐसा है? मी ठणकावून सांगितलं, कोणी नाही. उठून बाहेर आले, चष्मा त्यांच्या टेबलावर राहिला म्हणून परत गेले, मग खाली आले तर स्कूटरची चावी नाही. परत वर. चावी स्कूटरलाच लटकत होती, पाऊण तास, भर रस्त्यात. बाई फक्त हसल्या. त्या हसण्याचा मला दोन दिवस राग होता.

गोळ्यांची चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली आणि दिली नाही. एका डॉक्टरच्या सांगण्यावर पोरीच्या डोक्यात औषध घालायचं? नात्यातल्या एकीनं तर सांगितलं की यानं पोरं मुकी होतात. आणि या गोळीनं भूकही कमी होते म्हणे. म्हणजे वजनाला नेलेली पोरगी उपाशी मारायची की काय! रेवाला आत्याकडे बिलासपूरला पाठवून दिलं, आठ दिवस. तिचे बाबा खात्याच्या कामानं जगदलपूरला गेलेले. फूलबाई पण गावी लग्नाला. घरात मी एकटी, कूलर, आणि माझ्या शाळेतल्या आठवी-नववीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

डब्यातलं सारण मी त्याआधीच परत सपाट करून ठेवलं होतं आणि तारा उमटवला होता. कशासाठी, माहीत नाही. हाताला सवय. रविवारी सकाळी चहाबरोबर लाडू वळावे म्हणून डबा काढला आणि झाकण हातातच राहिलं. तारा नव्हता. मधोमध खड्डा, चांगला बोटभर खोल.

खरं सांगते, आधी मी दाराची कडी पाहिली. मग खिडकीची जाळी. मग फूलबाईकडे दुसरी किल्ली असते हे आठवलं आणि मनातल्या मनात तिच्यावर खटला पण चालवला, की लग्नाचं नुसतं नाव, इथंच असेल. फोन हातात घेतला होता. काय बोलायचं ते ठरवत टेबलापाशी बसले तर वरच्याच उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात एक तुपकट डाग होता, पिवळा, पारदर्शक. अंगठ्याचा. रेषा पण दिसत होत्या. मी पान उलटलं. पुढच्या तीन पेपरांवर काही नव्हतं, चौथ्यावर परत. मग सहाव्यावर दोन. मी तो गठ्ठा शेवटपर्यंत पाहिला, मग दुसरा. प्रकाशसंश्लेषणाच्या आकृतीवर अंगठा, अपूर्णांकांसारख्या गुणांवर अंगठा, ‘सुंदर अक्षर’ असा शेरा मीच मारला होता त्याच्या शेजारी अंगठा. कुठं कुठं चारोळी पण चिकटली होती.

अकरा वर्षं पुरावे शोधलेली बाई मी, माझ्या अंगठ्याशेजारी अंगठा लावून बसले. तीन दिवस मी पेपर तपासताना उठत होते, स्वयंपाकघरात जात होते, डबा उघडत होते, मूठ भरत होते आणि परत येऊन बसत होते. मला त्यातली एक खेप आठवेना. कोणी येऊन विचारलं असतं, हे कोणी खाल्लं, तर मी शपथेवर सांगितलं असतं की पता नहीं.

आठवीच्या पोरांना मी शिकवते, की प्रयोग करताना एक गोष्ट बदला आणि बाकीच्या तशाच ठेवा, नाही तर निष्कर्ष काढू नका. रेवा घरात नसताना तारा मोडतो का, हे मी आधी पाहायला हवं होतं. ठप्पा मोडला एवढंच ठप्पा सांगतो. कोणी मोडला हे माणूस आपल्या मनानं सांगतो, आणि माझ्या मनात तर पोरीचं नाव आधीच लिहून तयार होतं. ती पण खात होतीच, मी काही तिला हरिश्चंद्र करत नाही. पण त्या तीन कोनांतला तिचा कोणता आणि माझा कोणता, हे आता देव जाणे. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. चाळीस ओलांडलेली बाई एकटीनं रडते तेव्हा फार विचित्र आवाज येतो.

बिलासपूरला फोन लावला. सगळं सांगितलं, अंगठ्यांसकट. म्हटलं, बेटा, मी तुले चोट्टी म्हटलं, ती मीच निघाली. मले माफ कर. मग म्हणाली, “ठीक है, आई.” आणि लगेच आत्याकडच्या मांजरीच्या पिल्लांचं सांगायला लागली. मला वाटलं, मिटलं. पण परत आल्यावर पहिल्याच जेवणाला तिनं ताट उचललं आणि गॅलरीत गेली. माफी मी माझ्या सोयीनं मागितली होती. विश्वास तिच्या सोयीनं येणार होता.

चार वर्षं झाली त्याला. चिठ्ठी पर्समधून निघाली, डॉक्टरीणबाईंना मी शंभर शंका विचारल्या आणि त्यांनी न कंटाळता उत्तरं दिली. गोळीच्या आधी पोटभर नाश्ता, दर वेळी उंची-वजन बघणं, भूक फार कमी झाली तर लगेच सांगणं, हे सगळं झालं. ती मुकी नाही झाली, उलट एक गोष्ट सुरू केली की संपवायला लागली, आणि आता वाद पण संपेपर्यंत घालते. वजन काही कापरासारखं उडालं नाही. उंची वाढली, थोडं आवरलं, अजूनही ती वर्गातल्या पोरींपेक्षा भरलेलीच आहे आणि टेलरकडे आम्ही जात नाही, तयार कपडे घेतो. सगळ्यात मोठा उपाय बाईंनी सांगितला तो फुकटचा होता. काहीही खायचं ते बसून, ताटलीत घेऊन, दुसरं काही न करता. आमच्या घरी हे फूलबाईला आधीपासून येत होतं. उन्हाळ्यात ती दुपारी मांडी घालून वाडगाभर बासी घेऊन बसते, म्हणजे रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात, बरोबर कांदा आणि कधी भोकराच्या कोवळ्या पाल्याची बोहारभाजी. त्या वेळी तिला हाक मारली तरी ती ओ देत नाही. हात धुवून मग काय झालं ते विचारते, का होगे दीदी?

बाई मलाही म्हणाल्या होत्या, आप भी एक बार दिखा लीजिए. मी म्हटलं, हो, परीक्षा संपल्या की येते. तीन परीक्षा संपल्या.

ठप्पा मी त्या रविवारनंतर कधी मारला नाही. पण संशय जात नाही. रेवानं डबा खाल्ला की मैत्रिणीला दिला, गोळी घेतली की गादीखाली सारली, ही पुस्तकाकडे बघते आहे की पुस्तकाच्या पलीकडे. मी दारातून वाकून बघते आणि ती मान न वळवता म्हणते, आई, उडनदस्ता. आणि ती पोरगी, पळसाच्या खिडकीतली. तिचं नाव मी तेव्हा वहीत लिहिलं नव्हतं, कारण काही सापडलं नव्हतं. आता कुठल्या वर्गात असेल, शिकत असेल की नाही, मला शोधता येणार नाही. ती दहा मिनिटं माझ्याकडेच राहिली.

आज सकाळी रेवाचा पहिला पेपर होता. रात्रीच पेनं, पॅड, प्रवेशपत्र सगळं दाराजवळच्या स्टुलावर मांडलं होतं, यादी करून, तिनंच. नाश्ता बसून झाला, गॅलरीत. गोळी झाली. तिचे बाबा खाली स्कूटर काढत होते. मी वाटीत दही घेतलं, चमचा घेतला आणि दाराशी उभी राहिले. चार वर्षं या दाराशी तळहात पुढे येतो, चमचा उपडा होतो आणि ती जिन्यात जाते, हे आता आमच्या घरचं शास्त्रच झालं आहे. मी चमचा तळहाताच्या उंचीवर धरला होता.

तिनं सँडलचा पट्टा लावला, सरळ झाली, माझ्याकडे पाहिलं. हात दोन्ही तिच्या पॅडवर होते. आणि तिनं तोंड उघडलं. आ करून, डोळे माझ्या डोळ्यांत, लहानपणी कणकेच्या वेळी उभी राहायची तशी.

मी चमचा एवढ्या घाईनं वर नेला की तो दातांना लागला. तिनं दही गिळलं, तोंड वाकडं केलं.

“आई, साखर टाकलीच नाही तू.”

हे ती मराठीत म्हणाली. खालून यांनी हॉर्न वाजवला. मी म्हटलं, थांब, आणते, आणि वाटी घेऊन आत पळाले. ओट्याशी पोहोचल्यावर काय आणायला आले ते क्षणभर आठवेना. आठवलं तसा साखरेचा डबा उघडला, चमचा भरला आणि मागे वळून पाहिलं. उशीर होत होता, हॉर्न परत वाजला होता, आणि ती दाराशी तशीच तोंड उघडं ठेवून उभी होती.